आकडा कशाशी ताडायचा?

विजेचं मोजमाप हे मुळात हिशेबाचं काम आहे, असं मी बरीच वर्षं मानलं आणि तसंच शिकवलं. व्होल्टेजचे आणि करंटचे नमुने भराभर घ्यायचे, जोडीजोडीने गुणायचे, सरासरी काढायची, की हाती वॅट येतात. त्यात वेळ मिसळला की युनिट. एवढ्या गणिताला नखाएवढा मायक्रोकंट्रोलर पुरतो, आणि ज्याला ते गणित नीट लिहिता येतं त्याला मीटर बनवता येतो. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात मोटरींची पॅनेलं जोडताना आणि संध्याकाळी येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांची प्रोजेक्टं बघताना मी हेच सांगायचो. आता सांगत नाही. मत का बदललं ते मांडायला हवं, कारण माझ्याकडून जुनं मत घेऊन गेलेली काही मुलं आज स्वतःची उपकरणं बनवून विकतात, आणि त्या उपकरणांवरच्या आकड्यांवरून गाळामालक आणि भाडेकरू आपसांत पैसे देतात-घेतात.

जुनं मत हवेतलं नव्हतं. घरोघरी ॲल्युमिनियमच्या फिरत्या तबकडीचे मीटर होते, तेही गुणाकारच करायचे. इटलीतल्या गॅलिलिओ फेरारिसने १८८५ साली फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग करून दाखवला, हंगेरीतल्या ओटो ब्लाथीने १८८९ मध्ये त्या तत्त्वावर वीजमीटर घडवला, आणि ती रचना पुढे शंभर वर्षं जगभर चालली. एका कॉइलला व्होल्टेज, दुसरीतून करंट, दोघींच्या ओढीने तबकडी फिरते आणि कायमचा चुंबक तिला ब्रेक लावतो. त्यामुळे तिचा वेग वॅटच्या प्रमाणात राहतो. धातू करत होता तो गुणाकार आता आकड्यांनी करायचा, एवढाच फरक आहे, असं मी म्हणत असे.

आणि आकड्यांनी तो करता येतोच. अर्डुइनो उनोवरची एटीमेगा ३२८पी चिप घ्या. १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ, व्होल्टेजचा आकडा करणारा १० बिटचा एडीसी, म्हणजे मोजायच्या पट्ट्याच्या १०२४ पायऱ्या. नेहमीच्या सेटिंगवर ती सेकंदाला सुमारे ९,६०० नमुने घेते. आपली वीज ५० हर्ट्झची, एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे एका लाटेत १९२ नमुने. व्होल्टेज आणि करंटमध्ये वाटले तरी प्रत्येकी ९६. काट्याचा मल्टीमीटर एसी मोजताना लाटेची सरासरी घेतो आणि ती १.११ पटीने वाढवून दाखवतो, आणि हे लाट साइनची असेल तरच बरोबर येतं. संगणकाचा, एलईडी दिव्याचा, मोटरीच्या ड्राइव्हचा करंट तसा नसतो. तो लाटेच्या माथ्यापाशी एकदम उसळतो आणि उरलेला वेळ शून्याजवळ पडून राहतो. मायक्रोकंट्रोलर प्रत्येक नमुन्याचा वर्ग करून, सरासरी घेऊन, वर्गमूळ काढतो, त्यामुळे लाट कशीही वेडीवाकडी असली तरी आरएमएस खरा मिळतो. पूर्वी प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली ही गोष्ट डोंबिवलीच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून एखादी मुलगी करू शकते, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. आजही वाटतं. त्या बाबतीत माझं मत तसूभर हललेलं नाही.

हलायला सुरुवात झाली ती एका ९ वॅटच्या एलईडी बल्बपासून. मुलं करंटसाठी एससीटी-०१३ नावाची चिमट्यासारखी उघडणारी सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, वापरतात. वायर न कापता ती वायरीभोवती बसते, १०० अँपिअरचे ५० मिलिअँपिअर करते, आणि ते एका रेझिस्टरमधून सोडून आपण व्होल्ट वाचतो. १०० अँपिअर आरएमएस म्हणजे लाटेच्या तळापासून माथ्यापर्यंत २८३ अँपिअर. त्याच्या १०२४ पायऱ्या केल्या तर एक पायरी पाव अँपिअरहून मोठी होते, आणि बल्बचा करंट त्या एका पायरीतच बुडून जातो. रात्री घर झोपल्यावर जे जे चालू असतं, टीव्हीचा लाल दिवा, वायफायचा डबा, विसरलेला चार्जर, ते या उपकरणाला दिसतच नाही. शिवाय सगळं बंद असतानाही ते नॉइजमुळे काही वॅट दाखवत राहतं. म्हणजे असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं.

त्याहून खोल अडचण वेळेची. या चिपमध्ये एडीसी एकच, त्यामुळे आधी व्होल्टेजचा नमुना आणि मग करंटचा. मध्ये १०४ मायक्रोसेकंद जातात. २० मिलिसेकंदांच्या लाटेत हा उशीर १.९ अंशांचा होतो. इस्त्री किंवा गीझर लावला तर काही बिघडत नाही. पण पॉवर फॅक्टर ०.५ असलेली, कमी लोडवर फिरणारी मोटर लावा: तेवढ्याच उशिराने वॅटमध्ये साडेपाच टक्क्यांहून जास्त फरक पडतो. सीटी स्वतःही करंटची लाट थोडी सरकवते, आणि किती सरकवते ते करंट कमी-जास्त झाला की बदलतं. तिसरी गोष्ट एडीसी ज्याच्याशी तुलना करतो त्या संदर्भ-व्होल्टेजची. चिपच्या पोटातला १.१ व्होल्टचा संदर्भ प्रत्यक्षात १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, हे बनवणारी कंपनीच डेटाशीटमध्ये लिहून देते. एकाच पाकिटातल्या दोन चिप घेतल्या तरी तो सारखा असेल याची हमी नाही.

यातलं काहीच लपलेलं नव्हतं. मी मुलांना सांगायचो, दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये टाका. उशीर झाला असेल तर दोन नमुन्यांच्या मधली किंमत काढा, संदर्भ हललेला असेल तर गुणक बदला. हे तंत्र चालतंही. फक्त गुणक किती बदलायचा हे प्रोग्रॅमला कोण सांगणार?

एका वर्षी दोघांनी एकाच आकृतीवरून, एकाच प्रोग्रॅमवर दोन उपकरणं बनवली आणि एकाच बोर्डवर, एकाच पंख्याला लावली. दोन्ही स्क्रीनवरचे आकडे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत स्थिर होते आणि एकमेकांपासून बरेच लांब होते. "सर, यातला खरा कुठला?" असं त्यातल्या एकाने विचारलं. मी गाळ्यातला क्लॅम्प मीटर लावला. त्याने तिसराच आकडा दिला. क्लॅम्प मीटरच्या पुस्तिकेतच लिहिलं होतं की त्याचं वाचन दोन टक्के इकडे-तिकडे असू शकतं, वर शेवटच्या अंकात काही घरं. मग त्या क्लॅम्प मीटरला कशाशी ताडायचं? एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतल्या स्टँडर्डशी. तिच्या स्टँडर्डला कशाशी? त्याच्याहून वरच्या स्टँडर्डशी, आणि ही साखळी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिच्याही पुढे व्याख्या आहे. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून होते, तो भार कायमचा ठरवून टाकलेला आहे, आणि सगळ्या जगाने त्यावर सही केलेली आहे.

इथे माझ्या विचाराची दिशा बदलली. आमच्या दोन्ही उपकरणांत गणित होतं, नमुने होते, सुंदर स्क्रीन होता. साखळी नव्हती. साखळी नसलेलं उपकरण लोड वाढला की वाढलेला आकडा दाखवतं, घटला की घटलेला दाखवतं. त्याच्या आकड्याला 'युनिट' म्हणण्याचा अधिकार मात्र त्याला अजून मिळालेला नसतो. तेव्हापासून मी उपकरणाची रचना दुसऱ्या टोकाकडून करायला लागलो. आधी विचारायचं: हे कशाशी ताडणार, कोणकोणत्या लोडवर ताडणार, आणि फरक निघाला तर त्याची जबाबदारी कुणाची? मायक्रोकंट्रोलर कुठला, हा प्रश्न त्यानंतरचा. खरं तर तो सगळ्यांत सोपा आहे.

ओळखीच्या लोडशी ताडता येईल, असं पुष्कळांना वाटतं. २००० वॅटचा गीझर लावला की २००० दिसायला हवेत. पण गीझरवर छापलेले वॅट हे २३० व्होल्टसाठीचे असतात आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज २१० वर आलं असेल तर तोच गीझर सतरा टक्के कमी वॅट घेतो, २००० चे १६७० होतात. त्यात कॉइल बनवतानाची उणीव-अधिकाई वेगळी. तरीही गीझरचा एक उपयोग आहे. त्याचा पॉवर फॅक्टर १ असतो, त्यामुळे वेळेच्या उशिराची चूक तिथे निघून जाते आणि उरतो तो फक्त गुणकाचा फरक. मग मोटर लावली की वेळेची चूक उघडी पडते. ताडण्यासाठी लोड कसा निवडायचा, याचीही एक विद्या आहे.

ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसचा विचार मी या संदर्भात पुष्कळदा करतो. जीआयपी रेल्वेने १९२९ साली उभं केलेलं हे वीजकेंद्र, मुख्यतः स्वतःच्या गाड्यांसाठी. कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या पिढीला त्याची धुरांडी आठवतात. ऐंशीच्या दशकात ते बंद पडलं. तिथेही मीटर असणारच, कोळसा किती जळला आणि वीज किती निघाली याचा ताळा घातल्याशिवाय पॉवर हाऊस चालत नाही. पण वीज बनवणारी रेल्वे आणि वापरणारीही रेल्वेच. मीटर एक टक्का मागे असला तर इंजिनीअर तो दुरुस्त करील, कुणावर अन्याय झाला असं होत नाही. वीज एकाने विकायची आणि दुसऱ्याने घ्यायची ठरली की त्याच एक टक्क्याचा अर्थ बदलतो. मीटर मग दोघांच्या मध्ये उभा असतो आणि दोघांनाही मान्य असलेला आकडा देणं हेच त्याचं काम होतं. मी उपकरण बनवताना ते एकट्या इंजिनीअरसाठी बनवत होतो. विकत घेणाऱ्याला हवं होतं ते दोघांच्या मधलं उपकरण. (जाता जाता एक गोष्ट: त्या गाड्या १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या, आणि मुंबईची उपनगरी रेल्वे २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसीवर आली. डीसी असताना आमच्या सीटीचा तिथे काहीच उपयोग झाला नसता, कारण सीटीला करंट बदलता लागतो. डीसीला शंट किंवा हॉल सेन्सरच हवा. 'काय मोजायचं' हे ठरल्याशिवाय 'कशाने मोजायचं' ठरत नाही, ते असं.)

काय मोजायचं, या प्रश्नाने तर मला खरा धडा दिला. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे वॅटऐवजी व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने, बिल येऊ लागलं. त्याआधी युनिट वेगळे आणि पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सवलत वेगळी असायची. आता दोन्ही एकाच आकड्यात. एमआयडीसीच्या फेज दोनमधले एक कारखानदार माझ्याकडे आले. त्यांनी कॅपॅसिटर बँक बसवली होती, पॅनेलवरचा रिले पॉवर फॅक्टर ०.९९ दाखवत होता आणि माझं उपकरण ०.९२. "साहेब, तुमचं मशीन चुकतंय," ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं रास्त वाटण्यासारखंच होतं.

दोन्ही बरोबर होती. त्यांच्या सगळ्या मोटरी ड्राइव्हवर चालत होत्या, आणि ड्राइव्ह करंटमध्ये पाचवी, सातवी हार्मोनिक मिसळतात, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झच्या लाटा. रिले फक्त ५० हर्ट्झच्या मूळ लाटांमधला कोन बघत होता. माझं उपकरण आरएमएस व्होल्टेज आणि आरएमएस करंटचा गुणाकार घेत होतं, त्यात हार्मोनिकही येतात. करंटमध्ये हार्मोनिक ४० टक्के असतील तर ०.९९ चा ०.९२ होतो, ते साधं गणित आहे. कॅपॅसिटरने कोन सुधारतो, हार्मोनिक जात नाहीत. कधी कधी तर कॅपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एखाद्या हार्मोनिकला आणखी फुगवतात. त्यांना हवे होते चोक किंवा फिल्टर, आणि ते सांगायला आधी दोन आकड्यांमधला फरक मान्य करावा लागला.

घरी येऊन मी जुनी पुस्तकं काढली, आणि ज्याला मी अंतिम मानत होतो त्या गणितातच किती मतभेद आहेत ते नव्याने वाचलं. लाट साइनची असेल तर रिॲक्टिव्ह पॉवर म्हणजे काय याबद्दल वाद नाही. लाट बिघडली की वाद सुरू होतो. रुमानियाच्या बुडेआनूने १९२७ मध्ये एक व्याख्या दिली, पोलंडच्या फ्रिझेने १९३२ मध्ये दुसरी, आणि आयईईईने २००० साली १४५९ क्रमांकाचं मानक काढून, २०१० मध्ये सुधारून, आणखी एक चौकट दिली. एकाच मोटरीवर दोन प्रामाणिक मीटर लावले आणि त्यांच्या फर्मवेअरमध्ये दोन व्याख्या असल्या तर केव्हीएआरचे, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचे, दोन आकडे येतील. त्यातला एकही खोटा नसेल. मुलांच्या प्रोजेक्टच्या वहीत आता मी पहिल्या पानावर व्याख्या लिहून मागतो: तुमच्या स्क्रीनवरचा 'पीएफ' नेमका कुठला, आणि तो बिलावरच्या आकड्याला कधी जुळेल, कधी जुळणार नाही.

सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर आलं तेव्हा हेच पुन्हा दिसलं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडे लिफ्ट आणि पंपाच्या कॉमन मीटरसाठी पॅनेलं लागताहेत. दुपारी लिफ्ट शांत असते, वीज ग्रिडकडे जाते, आणि नेट मीटर ती वेगळी मोजतो. नुसती सीटी लावून २३० ने गुणणारं उपकरण मात्र तीच वीज वापरलेली म्हणून दाखवतं, कारण करंटचा आकडा सारखाच येतो. विजेची दिशा कळायला व्होल्टेजची लाट त्याच क्षणी हवी, करंटची तिच्या बरोबर आहे की विरुद्ध ते बघायला. व्होल्टेज गृहीत धरून बनवलेली स्वस्त उपकरणं मी पूर्वी 'अंदाजाला पुरे' म्हणून चालवून घेत असे. आता घेत नाही. सेक्रेटरीने त्या आकड्यावरून सभेत 'सोलरचा काही फायदा नाही' असं सांगितलं तर अंदाज म्हणून सुटका होत नाही.

सुरक्षेबद्दलही माझं मत कडक झालं आहे. २३० व्होल्ट म्हणजे माथ्याला ३२५ व्होल्ट. बाजारात मिळणाऱ्या काही मोजणी चिप शंटवर चालतात आणि त्यांचा ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला असतो. त्या बोर्डाची यूएसबी लॅपटॉपला लावली की लॅपटॉपची बॉडीच मेन्सवर येते. सीटीच्या दोन वायरी चालू करंटमध्ये उघड्या सोडल्या तर तिच्या टोकांना धोकादायक व्होल्टेज उभं राहतं. हे मी पूर्वी शेवटच्या तासाला सांगायचो. आता पहिल्या तासाला सांगतो, आणि आयसोलेशन, फ्यूज आणि बंद डबा नसलेलं उपकरण मी चालूच करू देत नाही. शिकण्यासाठी कुणाच्या हाताची बोटं पणाला लागता कामा नयेत.

यातूनच एक वेगळी रचना पुढे आली, आणि आज मी तिच्यावर सगळ्यांत जास्त भर देतो. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल एलईडी लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या तोंडावर छापलेलं असतं, कुठे १६००, कुठे ३२००. ३२०० चा मीटर आणि १००० वॅटचा लोड असेल तर दोन लुकलुकींमध्ये ३६०० भागिले ३२००, म्हणजे १.१२५ सेकंद जातात. त्या एलईडीवर एक फोटोट्रान्झिस्टर काळ्या टेपने चिकटवायचा आणि मायक्रोकंट्रोलरने दोन लुकलुकींमधला वेळ मोजायचा. मेन्सला हात लागत नाही, सील तुटत नाही, मीटरमध्ये ढवळाढवळ होत नाही. आणि मायक्रोकंट्रोलरला सगळ्या राशींमध्ये सर्वांत चांगली मोजता येते ती वेळच. व्होल्ट मोजताना त्याच्या संदर्भात दहा टक्क्यांची अनिश्चिती असते. क्रिस्टल लावलेलं घड्याळ लाखात काही भागांइतकंच चुकतं. (उनोवरच्या एटीमेगाला मात्र क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो बराच सैल, म्हणून क्रिस्टलचा बोर्ड घ्यायला मी लावतो.)

हे उपकरण वीज मोजत नाही, मीटरचं म्हणणं लिहून घेतं. म्हणून ते एकटं नको. त्याच्या शेजारी सीटी आणि व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरचं आपलं उपकरण, आणि दोघांच्या आकड्यांचं गुणोत्तर दिवसभर नोंदवायचं. इथे गंमत आहे, आणि मला ती खरंच मोलाची वाटते: फरक किती आहे यापेक्षा तो कधी बदलतो त्यावरून कारण कळतं. गुणोत्तर दिवसभर ०.९६ च असेल, तर आपला गुणक चुकलेला आहे, बाकी सगळं ठीक आहे. फ्रिज किंवा पंप चालू झाला की ते सरकत असेल तर वेळेचा उशीर किंवा सीटीचा दोष आहे. रात्री कमी लोडवर भरकटत असेल तर पायऱ्या अपुऱ्या आहेत. आणि हे सगळं दुरुस्त केल्यावरही, ताडून आणलेल्या उपकरणाशी तुलना करून गुणोत्तर ठामपणे एकाच बाजूला झुकलेलं राहिलं, तर मीटरबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

महावितरणचे लोक प्रत्यक्षात असंच काम करतात. मीटरबद्दल तक्रार गेली की ते ॲक्युचेक घेऊन येतात, मीटरला जोडतात, लोड चालवतात आणि मीटर इतके टक्के स्लो किंवा फास्ट असं सांगतात. एका मीटरला दुसऱ्या, ताडलेल्या मीटरशेजारी उभं करणं, एवढंच ते करतात. मी पूर्वी त्याला जुनाट पद्धत म्हणायचो. आज मला वाटतं की आमच्या सगळ्या उपकरणांपेक्षा ती पद्धत मूळ प्रश्नाच्या जवळ होती.

स्मार्ट मीटरच्या वादात मला हे फार जाणवतं. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नाही असं राज्य सरकारने जाहीर केलं. पुढे टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसू लागले, आणि 'नवा मीटर पळतो' हे वाक्य डोंबिवलीच्या प्रत्येक जिन्यात ऐकू येतं. लोकांची शंका मी हसण्यावारी नेत नाही. लाइट बिल हा घराच्या खर्चातला मोठा आकडा आहे आणि ज्याला तो भरायचा आहे त्याला विचारायचा हक्क आहे. पण मागवलेलं स्वस्त उपकरण लावून 'माझ्याकडे ११० युनिट आले आणि बिलात १२० आहेत' असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला मी पूर्वी लगेच दुजोरा दिला असता. आता मी विचारतो, तुमचं उपकरण कशाशी ताडलं आहे? त्याच वेळी दुसरीही शक्यता मनात ठेवतो. जुना तबकडीचा मीटर घासून मंदावलेला असायचा आणि अगदी कमी लोडवर फिरायचाच नाही. नवा इलेक्ट्रॉनिक मीटर रात्रीचा क्षीण करंटही धरतो. वापर तोच राहून बिल वाढण्याचं हे एक खरं कारण आहे. आणि कधी मीटरच बिघडलेला असतो, हेही खरं.

या सगळ्यावर मला एक गोष्ट व्हायला हवी असं मनापासून वाटतं. ठाणे आणि कल्याणमध्ये वीजमीटर तपासण्याची यंत्रणा आहेच. तिच्या शेजारी, किंवा एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये, नागरिकांसाठी ताडून बघण्याची जागा हवी. तिथे ०.२ वर्गाचा, साखळीला जोडलेला एक स्टँडर्ड मीटर असावा. एक हीटर, एक कमी लोडवरची मोटर आणि एक एलईडी दिव्यांची पाटी, असे तीन लोड असावेत. कुणीही आपलं उपकरण घेऊन यावं, तिन्ही लोडवर चालवावं आणि तारीख, व्होल्टेज आणि तीन गुणोत्तरं लिहिलेली चिठ्ठी घेऊन जावं. त्या चिठ्ठीला बिलाच्या वादात कायद्याचं बळ नसेल, पण वाद करणाऱ्याला तिच्या आधारे बोलता येईल. मुलांनाही आपली दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये किती टाकायची ते तिथेच कळेल.

आमच्या गाळ्यात आम्ही तशी एक बारीकशी जागा तयार करतो आहोत. हीटर आणि दिव्यांची पाटी झाली आहे. मोटर जुन्या कंप्रेसरची घेतली आहे, तिच्यावर कमी-जास्त लोड द्यायला ब्रेक बसवायचा आहे. स्टँडर्ड मीटर प्रयोगशाळेतून दाखल्यासह यायचा राहिला आहे. तो येईपर्यंत तिथे ताडलेल्या कुठल्याही उपकरणावर आम्ही 'तपासलं' असं लिहून देत नाही.